रोजचं वाचन आणि वाचलेलं समजणं: पहिली ते चौथीच्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाचनघरात शनिवारी संध्याकाळी मुलं जमतात. त्यांना न्यायला आलेले पालक दारात चपला शोधता शोधता एखादा प्रश्न टाकतात. ज्यांना तेवढाही वेळ नसतो ते व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, बहुधा रात्री दहानंतर. मराठी प्राथमिक शाळेत शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली, त्यामुळे प्रश्न ओळखीचे आहेत. एकच उत्तर दहा जणांना टाइप करून बोटं दुखली, म्हणून ही यादी केली. प्रश्न शक्यतो आले तसेच ठेवले आहेत.

१. रोज किती मिनिटं वाचायला हवं? नेमका आकडा सांगा.

पहिलीला दहा, दुसरीला पंधरा, तिसरी-चौथीला वीस. हे माझ्या अनुभवाचे आकडे, कुठल्या परिपत्रकातले नव्हेत. गृहपाठाचं वाचन यात धरलेलं नाही. शेवटी पाच मिनिटं वाचलेल्यावर गप्पा. एखाद्या दिवशी घाई असेल तर वाचनातून पाच मिनिटं काढा, गप्पांना हात लावू नका.

वीस मिनिटांनी काय होणार, असं काही जणांना वाटतं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाचवीच्या १५५ मुलांनी शाळेबाहेरचा वेळ कशात जातो याची रोज नोंद ठेवली होती. त्यांच्यातलं अगदी मधलं मूल दिवसाला पाच मिनिटंही पुस्तक वाचत नव्हतं. दुसरी ते पाचवी या काळात वाचनात झालेल्या प्रगतीशी सगळ्यात जवळचं नातं निघालं ते पुस्तक वाचण्यात गेलेल्या वेळेचं. आता, जास्त वाचल्यामुळे समज वाढते की समज असल्यामुळे मूल जास्त वाचतं? दोन्ही. ज्याला जमतं तो वाचतो, जो वाचतो त्याला आणखी जमतं. ज्याला जमत नाही तो टाळतो आणि मागे राहतो. हे चाक उलटं फिरायला लागायच्या आत हात घालायचा, एवढ्यासाठी ही रोजची मिनिटं.

२. एका जागी वीस मिनिटं बसतच नाही. तुकडे केले तर?

चालतात. सकाळी बालरथाची (शाळेच्या बसची) वाट पाहताना पाच, संध्याकाळी दहा, झोपताना पाच. फक्त त्यातला एक तुकडा रोज ठरल्या वेळीच व्हायला हवा, नाहीतर तिन्ही तुकडे ‘मागीर’वर, म्हणजे ‘नंतर’वर, जातात.

३. मुलगी धडा खडखडीत वाचते. म्हणजे तिला वाचता येतंच ना?

निम्मं येतं. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली हे फार सोप्या हिशेबात बसवलं: अक्षरं ओळखून शब्द उच्चारता येणं, गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचनाचं आकलन. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्यच.

मला स्वतःला देवनागरी येते म्हणून मी नेपाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू शकते. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईंना नेपाळी येतं. मला त्यातलं काही कळत नाही. तुमची मुलगी धडा वाचताना अशीच नेपाळी वाचत नाही ना, एवढं पाहायचं. ते कसं, हे पुढच्या प्रश्नात.

४. समजलं की नाही हे घरी कसं ओळखायचं? प्रश्नोत्तरं तर बरोबर लिहिते.

धड्याखालच्या प्रश्नांवर जाऊ नका. ‘राजू कुठे गेला?’ असा प्रश्न असला की मूल धड्यात ‘राजू’ शोधतं आणि त्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत उतरवून काढतं. यात राजूशी त्याचा काही संबंध येत नाही. मी हा छोटा उतारा वापरते, तुम्हीही वापरा:

शमा बालरथातून उतरली. छत्री वर्गातच राहिली होती. दारात उभ्या असलेल्या आजीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “आत येऊ नकोस. आधी टॉवेल घे.”

मग चार प्रश्न. छत्री कुठे राहिली? हे लिहिलेलंच आहे, फक्त शोधायचं. बाहेर पाऊस होता का, आणि तुला कसं कळलं? ‘पाऊस’ हा शब्द उताऱ्यात कुठेच नाही. छत्री, टॉवेल आणि आजीची नजर जोडावी लागते. आजी रागावली होती की काळजीत होती? इथे सगळा उतारा मनात धरून मत द्यायचं. आणि चौथा: ‘शमा भिजली होती’ असं सरळ का नाही लिहिलं? इथे मूल लिहिणाऱ्याकडे पाहायला लागतं. चौथीच्या मुलांचं वाचन तपासणारी ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी साधारण अशाच चार पायऱ्या वापरते.

पहिला प्रश्न जवळजवळ सगळ्यांना येतो. दुसऱ्याला बरीच मुलं ठामपणे सांगतात, “पाऊस लिहिलेलाच नाही.” तिथेच आपलं काम सुरू होतं. तिसऱ्याला एक बरोबर उत्तर नाही. तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली, “आजी रागावलीय, कारण नुकतीच जमीन पुसलीय.” जमीन पुसल्याचं मी कुठे लिहिलं होतं? पण तिच्या घरी जमीन कोण पुसतं हे मला कळलं, आणि तिला उतारा समजलाय हेही.

घरी रोज चार प्रश्न विचारू नका, परीक्षा होते. एकच विचारा, “तुला कसं कळलं?” या जातीचा.

५. मिनिटाला किती शब्द वाचायला हवेत?

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेत, म्हणजे जुलै २०२१ पासून, हे ठरवून दिलेलं आहे: दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या अखेरीस किमान ६०. मजकूर वयाला साजेसा पण अनोळखी हवा, आणि वाचलेलं समजलेलं हवं. पालक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि ‘अनोळखी’ नि ‘समजलेलं’ हे दोन शब्द विसरतात. पाठ झालेला धडा घड्याळ लावून वाचून घेण्यात काही अर्थ नाही.

घरी मोजायचं तर कधी न पाहिलेलं पान द्या, एक मिनिट लावा, वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करा. महिन्यातून एकदा पुरे. आणि शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या आकड्याशी तुलना नको. ‘घराबाहेरच्यांनाही’ हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील.

घड्याळाची सवय लागली की मुलं शर्यत लावतात, विरामचिन्हं गिळतात. तसं झालं तर दोन महिने घड्याळ बंद ठेवा.

६. मोठ्याने वाचायला लावू की मनात?

पहिली-दुसरीत मोठ्याने, कारण कुठे अडतंय ते आपल्याला ऐकू येतं. तिसरीपासून मनातलं वाढवत न्या, पण रोज एखादा परिच्छेद मोठ्याने राहू द्या. शब्द चुकला की लगेच तोंडात घालू नका. तीन सेकंद थांबा. बरीच मुलं वाक्य पुरं करतात, ‘हे असं कसं?’ म्हणून स्वतःच मागे वळतात. ते मागे वळणं हीच समजेची खूण, आणि आपण मध्येच बोलून ती मारतो.

७. पुस्तक सोपं आहे की कठीण, कसं ठरवायचं?

एक पान वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही बोटं मिटली तर आज ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवा, दोन महिन्यांनी ते त्याच्या हातात द्या. एकही मिटलं नाही तरी हरकत नाही, सोपं वाचल्याने कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही.

इयत्तेवर जाऊ नका. ‘असर’ या सर्वेक्षणात मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. २०२४ साली ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी सुमारे २७ टक्क्यांनाच दुसरीची गोष्ट वाचता आली. तुमचं मूल मागे असेल तर ते एकटं नाही. पुस्तक मात्र ते आहे त्या पायरीचं हवं.

८. घरी आम्ही कोंकणी बोलतो, शाळा मराठी. यात गोंधळ होत नाही का?

होतो, थोडा, आणि तो कुठे होतो हे माहीत असलं की गंमत वाटते. पहिलीतल्या एका मुलाने माझ्यासमोर ‘ससा पळाला’ हे वाक्य अगदी स्वच्छ वाचलं. ससा काय करतोय, विचारलं. तो पुस्तकात डोकं घालून शोधू लागला आणि मलाच विचारलं, “ससो कितें पळयता?” कोंकणीत ‘पळय’ म्हणजे बघ. त्याच्या डोळ्यांसमोरचा ससा एका जागी बसून कशाकडे तरी टक लावून पाहत होता. मी म्हटलं, “पळयना रे, धांवता!” तेव्हा तो ससा उठून सुटला.

अशा जोड्या घरीच काढून ठेवा. भुरगें-मूल, उदक-पाणी, सुणें-कुत्रा हे शब्द सरळ वेगळे आहेत, ते मुलं पटकन शिकतात. फसवतात ते ‘पळ’सारखे, दोन्हीकडे असणारे पण अर्थ वेगळा असणारे.

बाकी कोंकणी हा तुमचा मोठा आधार आहे. लिपी एकच, देवनागरी, म्हणजे एका भाषेत शिकलेली अक्षरं दुसरीत फुकट मिळतात. वाचलेलं मराठीत असलं तरी सांगताना मुलाला कोंकणीतच सांगू द्या. “कितें जालें तें सांग पळोवया” म्हटलं की जे मूल मराठीत दोन शब्दांवर थांबतं ते पाच मिनिटं बोलतं. त्याला कळलेलं असतं, सांगायला मराठी पुरत नसते. ‘मराठीतच सांग’ असा आग्रह धरलात तर तुम्ही आकलन तपासत नाही, मराठी तपासता. काही शिक्षकांना हे पटत नाही. मलाही पहिली दहा वर्षं पटलं नव्हतं.

९. आमच्या घरात कन्नड आहे आणि मुलगा मराठी शाळेत आहे. त्याचं काय?

गोव्यातल्या अनेक सरकारी मराठी शाळांत आज अशी मुलं आहेत. वरचंच उत्तर, एक फरक करून: त्याला अक्षरांआधी कानावर मराठी पडायला हवी. पहिले सहा महिने वाचून दाखवणं जास्त, वाचून घेणं कमी (प्रश्न १२). त्याची आई कन्नडमध्ये गोष्ट सांगत असेल तर ती बंद करू नका. गोष्टीला सुरुवात असते, अडचण असते, शेवट असतो, हे कन्नडमध्ये कळलेलं मराठीत पुन्हा शिकावं लागत नाही.

१०. मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, मराठी फक्त एक विषय. वीस मिनिटं कुठल्या भाषेत?

पंधरा इंग्रजी, पाच मराठी असं कोणी केलं की आठवड्याभरात मराठीची पाच गळतात. त्यापेक्षा वार वाटून घ्या: तीन दिवस मराठी, तीन दिवस इंग्रजी, रविवारी तिला हवं ते. अंदाज बांधणं, कारण शोधणं, गोष्टीचा सारांश सांगणं ही कौशल्यं एका भाषेतून दुसरीत जातात. लिपी जात नाही, शब्दही जात नाहीत. त्यांना त्या त्या भाषेतला सराव लागतो. मराठीची पुस्तकं तिच्या इयत्तेपेक्षा एक-दोन पायऱ्या खालची निवडा. चौथीतल्या मुलीला दुसरीचं पुस्तक देताना तिला ते ‘बाळांचं’ वाटणार नाही असा विषय शोधावा लागतो, ते खरं कष्टाचं काम.

११. जोडाक्षरं आली की गाडी अडते. काय करावं?

तिसरीपर्यंत अडणारच. देवनागरीत मुळाक्षरं, त्यांच्या मात्रा आणि जोडाक्षरं मिळून शेकडो आकार डोळ्यांत बसावे लागतात. पहिलीच्या दिवाळीत ‘सगळी अक्षरं येतात’ म्हणणाऱ्या पालकाने ‘उज्ज्वल’ हा शब्द वाचायला देऊन पाहावा.

मला आवडणारी जोडी आहे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिला समुद्र, आपल्या मुलांच्या रोजच्या तोंडातला. दुसरा म्हणजे दरीचं अनेकवचन. कागदावर फरक काय, तर ‘र’ डोक्यावर गेला की बाजूला आडवा झाला. “आम्ही डोंगर आणि दऱ्या ओलांडल्या” हे वाक्य दिलं की पणजीकडची मुलं हमखास समुद्र ओलांडतात. ज्याला वाक्य कळतं तो थबकतो: डोंगरातून चालताना दर्या कुठून आला?

‘जग’ हा शब्द तर लिहिण्यात एकच आहे. ‘हे जग मोठं आहे’ आणि ‘तू सुखात जग’ यांतला ‘ज’ वेगळा उच्चारायचा, आणि तो वेगळा आहे हे अर्थाशिवाय कळायची सोय नाही. म्हणून जोडाक्षरांच्या याद्या घोकून घेऊ नका. वाक्यात द्या. ज्या शब्दावर अडलं त्याचंच आणखी एक वाक्य मुलाकडून बनवून घ्या.

१२. मीच वाचून दाखवलं तर ते रोजच्या मिनिटांत धरायचं का?

धरा. या वयात मूल स्वतः वाचून जेवढं समजू शकतं त्यापेक्षा ऐकून कितीतरी जास्त समजतं. तुम्ही वाचून दाखवलेल्या गोष्टीत त्याला ते शब्द आणि ती लांब वाक्यं भेटतात, जी त्याच्या स्वतःच्या पुस्तकात अजून दोन वर्षं येणार नाहीत. ‘आता वाचता येतं ना, मग तूच वाच’ म्हणून दुसरीत हे बंद करणारे पालक मला रोज भेटतात. चौथीपर्यंत चालू ठेवा. निम्मा वेळ तुमचा, निम्मा त्याचा.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागत असेल तर वैतागू नका. ओळखीचा मजकूर परत वाचल्याने वाचनाला ओघ येतो. मी मात्र एखादा शब्द मुद्दाम बदलते. पकडलं की समजायचं, लक्ष आहे.

१३. शाळेत रोज वाचन तास असतो. मग घरी पुन्हा कशाला?

तो तास कसा चालतो ते विचारा. सगळ्यांनी गप्प बसून आपापलं पुस्तक पाहायचं, असं असेल तर चांगल्या वाचकांचं भलं होतं आणि बाकीचे चित्रं उलटतात. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली उपलब्ध संशोधन चाळलं तेव्हा नुसत्या मूक वाचनाने वाचन सुधारतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. मोठ्याने वाचून घेऊन चुका दाखवणं, पुन्हा वाचून घेणं, याला सापडला. एका शिक्षिकेला एकाच खोलीत चार वर्ग सांभाळायचे असतील तर प्रत्येकाचं ऐकणं तिला शक्य नाही. ते ऐकणं घरी होऊ शकतं.

१४. मोबाइलवर वाचलं तर चालेल? पुस्तक हातात धरतच नाही.

गोष्ट असेल तर चालेल. माहितीचा मजकूर असेल तर कागद बरा. २०१८ साली ५४ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की कागदावर वाचलेलं पडद्यापेक्षा जास्त समजतं. माहितीपर मजकुरात आणि वेळेचं बंधन असताना फरक दिसतो, निव्वळ गोष्टींत दिसत नाही. मोबाइल दिलात तर नेट बंद करून, आणि शेजारी बसून. गोष्ट स्वतः वाचून दाखवणारं अ‍ॅप, ज्यात मूल फक्त पानं सरकवतं, ते प्रश्न १२ मध्ये धरू नका. अ‍ॅप “तुला कसं कळलं?” विचारत नाही.

१५. आई-बाबा दोघे कामावर, घरी आजी. तिला वाचता येत नाही. कोण बसणार?

आजी. यासारखा दुसरा चांगला श्रोता मिळणार नाही. मोठ्यांना वाचून दाखवताना मुलाला माहीत असतं की यांना येतं, हे परीक्षा घेतायत. आजीला खरोखरच हवं असतं. ती मध्येच विचारते, “मागीर?” ती म्हणते, “असं कसं झालं, परत वाच बघू.” माझ्या वाचनघरातली एक आजी नातवाला शेवट सांगू देत नाही, आधी स्वतः ओळखते आणि मग वाचायला लावते. अंदाज बांधणं शिकवायला आम्ही प्रशिक्षणात दोन दिवस घालवले होते.

१६. पुस्तकं कुठून आणायची? सगळी विकत घेणं परवडत नाही.

विकत घेऊ नका. पणजीत पाटोला कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ साली सुरू झालेलं, मुलांसाठी वेगळा विभाग असलेलं. पणजी लांब पडत असेल तर तालुक्याचं सरकारी ग्रंथालय. मुलाचं सभासदत्व त्याच्याच नावाने करा, कार्ड त्याच्याच खिशात. पणजीतलं ‘बुकवर्म’ हे मुलांचं ग्रंथालय २००५ पासून चालू आहे आणि तिथली माणसं मुलाला पुस्तक निवडून देण्यात मुरलेली आहेत. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणीतल्या गोष्टी फुकट आहेत, वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या. बालभारतीच्या १९७१ पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही नेटवर मिळतात; छापून घेतले तर उत्तम.

आणि हो, चित्रकथा चालतात. चित्रातला चेहरा एक सांगतो आणि फुग्यातले शब्द दुसरं, हे जुळवणं आकलनच आहे.

१७. वाचलं की चॉकलेट, असं ठेवलंय. बरोबर आहे का?

महिनाभर चालेल, मग पानं मोजली जातील आणि मुद्दाम बारीक पुस्तकं निवडली जातील. बक्षीस द्यायचंच तर पुढचं पुस्तक निवडायचा हक्क द्या, किंवा दिवा दहा मिनिटं उशिरा मालवायची परवानगी.

१८. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत सगळा खंड पडतो. भरपाई कशी करायची?

भरपाई करू नका. चुकलेल्या सात दिवसांची एकशे चाळीस मिनिटं एका रविवारी वसूल करणारे एक बाबा मला माहीत आहेत. त्यांचा मुलगा आता पुस्तक दिसलं की आजोळी जातो.

सुट्टीत वाचनाचं रूप बदला. माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची मांडणी, बांधताना प्रत्येक वस्तूची चिठ्ठी मुलांकडून लिहून घ्या: नारळ, सुपारीचं शिपटं, चिबूड, तोरिंग, कांगलां. पाहुण्या मुलांनी चिठ्ठ्या वाचून वस्तू शोधायच्या. आरत्यांची पुस्तिका मुलाच्या हातात द्या आणि त्याला पुढे उभं करा. पाठ असलेला मजकूर बोट ठेवून वाचताना अडखळणारं मूलही ओघात वाचतं. आरतीतल्या एखाद्या शब्दाचा अर्थ त्याने विचारला आणि घरातल्या कोणालाच सांगता आला नाही, तर ते त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं वाचन.

१९. तिसरी संपत आली तरी अडखळतो. काही दोष असेल का?

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून ‘वाचत नाही’ ठरलेली मुलं मी पाहिली आहेत.

मग दोन गोष्टी वेगळ्या करा. गोष्ट ऐकवली तर त्याला कळते का? ऐकून सगळं कळतं, घरच्या भाषेत छान सांगतो, पण स्वतः वाचताना अक्षर-अक्षर ओढतो, काल वाचलेला शब्द आज अनोळखी, लिहिताना मात्रा आणि अक्षरांचा क्रम सतत हलतो, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. चौथीची वाट पाहू नका. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणीचा अहवाल मिळाला की शाळेशी सवलतींबद्दल बोलता येतं. उलट, ऐकूनही कळत नसेल तर आधी ती भाषा त्याच्या कानावर किती पडली हे पाहा (प्रश्न ८ आणि ९). नवी भाषा शिकणाऱ्या मुलावर दोषाचा शिक्का बसणं आणि खरोखर अडचण असलेल्या मुलाला ‘आळशी’ म्हणणं, दोन्ही चुका शाळांत होतात. दुसरी माझ्याकडून एकदा झाली आहे. तो मुलगा आता मोटारींची वायरिंग करतो, भेटला की हसतो, मला मात्र खाली पाहावंसं वाटतं.

तपासणी होईपर्यंत रोजची मिनिटं थांबवू नका. फक्त वाचायचं काम तुम्ही करा, समजायचं त्याला करू द्या.

२०. मुलगा फक्त फुटबॉलच्या बातम्या वाचतो. गोष्टीचं पुस्तक उघडत नाही, आणि परिसर अभ्यासाचा धडा तर डोक्यावरून जातो.

हा प्रश्न सासष्टीतून येतो, बार्देशातून येतो, सगळीकडून येतो. पहिल्या निम्म्याची काळजी नको. १९८८ सालच्या एका प्रयोगात सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला होता. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. विषय माहीत असला की समज वाढते. तुमचा मुलगा फुटबॉलची बातमी वाचताना ऑफसाइड म्हणजे काय, हुकलेल्या पेनल्टीने गुणतक्ता कसा बदलतो, हे सगळं न लिहिलेलं स्वतः भरत असतो.

परिसर अभ्यासाच्या धड्यात त्याच्याकडे भरायला काही नाही, म्हणून तो डोक्यावरून जातो. धडा खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, असेल तर आधी त्याला एखाद्या मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, घेऊन जा. भरतीचं पाणी आलं की फळी कशी मिटते, ओहोटीला कशी उघडते, हे उभं राहून पाहू दे. तिथे कोणी मासे पकडत असेल तर त्यालाच विचारू दे. घरी येऊन तोच धडा वाचायला द्या आणि विचारा, यात काय लिहायचं राहिलंय? आमच्याकडच्या एकाने वहीत लिहिलं होतं, “खेकडे बांधाला भोकं पाडतात हे पुस्तकात नाही.”